कनवटीची सुपारी

माझी बायको शालन गेली त्या वर्षापासून आमच्या घराचं पुढचं दार अरुंद होत चाललं होतं. एकदम नाही, बोटाबोटानं. मला कळलं ते तांदळाचं पोतं आत घेताना. आदल्या वर्षी दोघांनी आडवं धरून आणलेलं पोतं यंदा उभं करून ढकलावं लागलं. मी पोत्याला दोष दिला.

मागचं दार त्याच्याही आधी मिटलं होतं. तिथे आता सलग भिंत आहे आणि कडी तेवढी भिंतीतून बाहेर आलेली आहे. खिडक्यांना गज आहेत, त्यांचा प्रश्नच नव्हता. ये-जा काय ती पुढच्या दारानं.

माझी मुलगी वैजू म्हणाली, "अण्णा, सुताराला बोलवा." म्हणून गजा सुतार आला. त्यानं चौकटीला रंधा लावला, दोनदा ओढला, पण एक ढलपी निघाली नाही. मग त्यानं रंधा खाली ठेवला आणि चौकटीवरून अंगठा फिरवला.

"अण्णा, हे सागवान राहिलं नाही," तो म्हणाला. "हात लावून बघा."

मी हात लावला. पॉलिशच्या खाली चौकट पांढरी पडली होती. गुळगुळीत आणि घट्ट, आणि आत वरपासून खालपर्यंत दोऱ्या ताणून बसवल्या असाव्यात तसं बोटाला लागत होतं.

"कापून टाक की मग," मी म्हणालो.

"कापलं तर अजून आवळेल. मी बघितलंय एका घरी." त्यानं चहा घेतला आणि दारातून तिरका होऊन गेला.

त्याच सुमारास घराला तिखट सोसेनासं झालं. लाल मिरचीची फोडणी चुरचुरली की भिंती तांबूस व्हायच्या आणि छपराच्या वाशांना पाणी सुटायचं. मलाही तिखट सोसत नव्हतं, पण माझं वय झालं होतं. घराचं काय वय? वैजू तालुक्याच्या शाळेत शिकवते, समजूतदार पोर. तिनं स्वयंपाकातून मिरची बंद केली.

आता सुपारीबद्दल सांगायला हवं. तंबाखूला मी जन्मात शिवलो नाही. गुटख्याच्या पुड्या फोडणाऱ्या गड्यांना मी स्वतः वाडीतून हाकललंय. मी खातो ती नुसती सुपारी, आमच्याच वाडीतल्या पोफळींची, आमच्याच अंगणात वाळवलेली. जी सुपारी पाटावर गणपती म्हणून मांडायची, ती तोंडात गेल्यावर वाईट कशी होईल, हा माझा सवाल असे. मी तो बऱ्याच जणांना विचारला होता आणि प्रत्येक वेळी जिंकलो होतो.

जेवणं झाली की शालन उंबऱ्यावर बसून मला सुपारी कातरून द्यायची. तिच्या अडकित्त्याचा आवाज ऐकला की माझ्या तोंडाला आपोआप पाणी सुटे. कातरायची इतकी पातळ की गालात ठेवली तरी कळू नये. डाव्या गालात ठेवायची माझी सवय. लग्न झाल्यापासून ती मला दुपारी हेच देत आली, आणि मी तिला काय दिलं ते आठवायला बसलो की मला पटकन काही आठवत नाही. ती तापानं गेली. त्यानंतर मी स्वतःच कातरायला लागलो. माझ्या हातून जाड खांडं पडायची. जाड खांड लवकर संपत नाही, हे मला बरंच वाटलं.

ती गेल्यावर पहिल्या सत्यनारायणाला उपाध्यांनी माझ्या कनवटीला एक अख्खी सुपारी खोचली. ज्याची बायको नाही त्याला पूजेला एकटं बसता येत नाही. तिच्या जागी कमरेला सुपारी घ्यायची, अशी आमच्याकडची रीत. उपाध्यांनी सुपारी खोचली आणि शालन म्हणाली, "नीट खोचा. पडेन."

मी नीट खोचली. तेव्हापासून शालन त्या सुपारीत आहे. देवघरात पितळेच्या डबीत असते तेव्हा गप्प असते. कनवटीला लावली की बोलते, आणि बोलते ते कामाचंच. नैवेद्यावर पाणी फिरवायचं राहिलं, वैजूच्या साडीचा काठ उसवलाय, असं. तिला तिथे त्रास होतो का असं मी एकदा विचारलं. "कडक आहे," ती म्हणाली, "पण सवय होते."

वैजूचं लग्न ठरलं. मुलगा निरंजन, स्वभावानं मोकळा, हसताना सगळे दात दाखवणारा. सुपारी फुटली त्या दिवशी त्याच्या आईनं माझ्या तोंडापुढे पेढा धरला. मी आ केला. पेढा आत जाईना. तिनं तो मोडून अर्धा केला, मग पाव केला. सगळे हसले, मीही हसलो. वैजू हसली नाही. रात्री मी भाकरीचे चिमण्यांना घालतात तसे तुकडे करून खात होतो, ते ती बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दारातून आम्ही एकामागून एक तिरके निघालो.

"आ करा," बाई म्हणाल्या.

"केलाय."

"अजून करा."

"हाच आहे."

त्यांनी माझीच बोटं जोडून माझ्या दातांमध्ये उभी धरायला सांगितली. दोन मावली, तिसरं बाहेर राहिलं. "तीन मावायला हवीत," त्या म्हणाल्या. मग हातमोजा चढवून त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं. "दोऱ्या लागतायत. आतून सगळं पांढरं पडलंय. सुपारी किती वर्षं?"

"पण मी तंबाखू खात नाही."

"नुसती सुपारीही पुरते, काका."

"गणपती म्हणून मांडतात ती."

"मांडा की. खाऊ नका." पहिल्यांदाच मी हा वाद हरलो, आणि तोही तोंड उघडं असताना. त्यांनी हातमोजा काढला. "आजपासून बंद. बंद केल्यानं उघडणार नाही, पण आहे तेवढं टिकेल."

"आणि दाराचं?" मी विचारलं.

"दाराचं काही वेगळं नसतं," त्या म्हणाल्या. "आता हे नीट ऐका. डाव्या गालात एक चट्टा आहे, तो मला आवडलेला नाही. त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. गुरुवारी या."

"कॅन्सर म्हणताय?"

"तुकडा बघितल्याशिवाय मी आहे म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण थांबू नका." निघताना त्यांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची एक जुडी दिली. दातांमध्ये एकावर एक रचायच्या, हळूहळू एकेक वाढवायची, म्हणजे तोंड आणखी मिटत नाही.

घरी माझी मेव्हणी आली होती, शालनची धाकटी बहीण कुंदा. लग्नाची निम्मी कामं तिच्याच अंगावर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "भाऊजी, लग्नघरात असलं काही काढायचं नाही. तुकडा काढला आणि भलतंच निघालं तर? ऐन वेळी मुलाकडच्यांना काय सांगायचं? एकदा अक्षता पडू देत. मग काय ते तुकडे काढा."

"मावशी, बाई म्हणाल्या थांबू नका," वैजू म्हणाली.

"अगं, पंधरवड्यानं असा काय फरक पडतो?"

मला कुंदाचं म्हणणं फार पटलं. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. कुणीतरी मानाच्या शब्दांत पळून जायला वाट दिली होती. पण वैजूनं माझ्याकडे असं बघितलं की मी गुरुवारचं कबूल केलं.

गुरुवारी सकाळी रिक्षा आली. वैजू पिशवी घेऊन अंगणात उभी राहिली. मी तयार होतो, धुतलेला सदरा घातला होता. फक्त तोंडात एक खांड होतं. शेवटचंच म्हणून ठेवलं होतं, खरोखर शेवटचं.

"अण्णा, चला."

"एवढं तोंडातलं संपू दे."

"थुंका ना."

आमच्या वाडीतली सुपारी थुंकायची मला सवय नाही. मी पाटावर बसून ते खांड चघळत राहिलो. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. वैजू दाराशी येऊन उभी राहिली, आणि मी तिच्याकडे बघत चघळत होतो. तिचे दोन्ही खांदे दिसत होते, मग एकच दिसू लागला. मला वाटलं ती बाजूला सरकली. खांड विरघळलं, मी चूळ भरली, उठलो आणि दाराशी आलो. डावा हात बाहेर गेला, डावा खांदा गेला, छाती अडकली. श्वास सोडून बघितलं. वैजूनं बाहेरून हात धरून ओढलं. चौकट हलली नाही, माझं बटण मात्र तुटून अंगणात पडलं.

"जाऊ दे," मी म्हणालो. "लग्न झालं की जाऊ."

वैजू रिक्षावाल्याला परत जा म्हणून सांगायला गेली. बराच वेळ ती फाटकाशीच उभी होती, माझ्याकडे पाठ करून. ती रडत होती, आणि तिच्याजवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवावा एवढं साधं मला करता आलं नाही.

ती बारीक अंगाची, म्हणून आणखी काही दिवस आत-बाहेर करू शकली. मग एका दुपारी आत आली आणि म्हणाली, "अण्णा, आज निघाले नाही तर मला निघता येणार नाही." ती कुंदाकडे राहायला जाणार होती. शालनच्या हिरव्या बांगड्या आणि माझा धोबीघडीचा पंचा तिनं खाटेवर काढून ठेवला. बांगड्या तिनं बरोबर घेतल्या आणि पंचा मला ठेवला, लग्नाच्या दिवशी नेसायला. निघताना चौकटीत तिची वेणी अडकली, ती मी आतून सोडवली.

त्या दिवसापासून मी सुपारी सोडली. खरंच सोडली. अडकित्ता मी फटीतून बाहेर टाकला आणि वैजूनं तो विहिरीत टाकला. डॉक्टरीणबाईंच्या काड्या मी निम्म्या दातांत रचल्या आणि निम्म्या दारात. वैजू रोज सकाळी बाहेरून पेज द्यायची. वाटी मावत नव्हती, म्हणून केळीच्या पानाची पन्हळ करून ती आत सोडायची आणि मी ओंजळ धरायचो. जेवण झालं की ती बाहेरून आपला पंजा आत घालून बघायची.

"तेवढंच आहे, अण्णा."

"तेवढंच आहे."

बाई बरोबर बोलल्या होत्या. उघडत नव्हतं, पण टिकत होतं. पंजा सरळ केला तर आरपार जाईल एवढी फट, उंबऱ्यापासून वरपर्यंत. मला तेवढीच हवी होती. कन्यादानाला बापाचा हात लागतो. हातावरून पाणी मुलीच्या हातावर पडायला हवं, बाकीचा बाप कुठे का असेना.

कुंदानं सुचवून बघितलं. "भाऊजी, कन्यादान वैजूच्या काका-काकूंना करू द्या. जोडप्यानं केलेलं बरं दिसतं. तुम्ही आतून आशीर्वाद द्या."

"अण्णांनीच करायचं," वैजू म्हणाली. "त्यांचा हात बाहेर येतोय ना? मग झालं."

मला इतका आनंद झाला की मी काड्या तोंडात असताना हो म्हणालो, आणि त्या सगळ्या खाली सांडल्या.

मांडव अंगणातच पडला. ज्या अंगणात मी सुपाऱ्या वाळत घालायचो तिथे खुर्च्या मांडल्या. बोहलं दारासमोर हातभर अंतरावर आणलं. मुलाकडच्यांनी काही विचारलं नाही. निरंजननं फटीला डोळा लावून मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मामा, आत उकडत नाही ना?" चांगला मुलगा आहे.

मी पंचा नेसलो. देवघरातली डबी उघडली आणि शालनला कनवटीला खोचलं.

"नीट खोचलीत?" ती म्हणाली.

"नीट खोचलीय."

"वैजू कशी दिसते?"

मी फटीशी जाऊन बघितलं. पिवळ्या अष्टपुत्री साडीची एक पट्टी दिसली, मुंडावळ्यांतल्या एका मोत्याचा अर्धा भाग, एक कान. "छान दिसते," मी म्हणालो.

"तुम्हाला दिसली का?"

"थोडी."

"मला उंच धरा," शालन म्हणाली. मी तिला कनवटीतून काढून डोळ्यांच्या उंचीवर फटीपाशी धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. मी आजवर गावातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हटलीत, खड्या आवाजात, शेवटचं सावधान मीच लांबवायचो. आज दुसरं कुणीतरी म्हणत होतं आणि सावधान नेमकं चुकीच्या जागी तोडत होतं. आतून म्हणून बघितलं, तर नुसतं हूं हूं झालं. अक्षता उडाल्या, त्यांतल्या चार फटीतून आत येऊन माझ्या पायांवर पडल्या. वाजंत्री वाजली. माझी मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर परक्याची होत होती आणि मला तिचा एक कान दिसत होता. डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं, आणि अशा वेळी माझा हात काय करतो ते तो हातच जाणे.

"आता कन्यादान," उपाध्ये बाहेरून म्हणाले. "अण्णा, शालनवहिनींची सुपारी कमरेला आहे ना?"

मी कनवटी चाचपली. कनवटी रिकामी होती. मुठीतही काही नव्हतं.

"चावू नका," शालन म्हणाली. तिचा आवाज माझ्या उजव्या गालातून आला. डावा गाल हल्ली झोंबतो, म्हणून हातानं तिला उजवीकडे ठेवलं होतं. तेवढी काळजी त्यानं घेतली होती.

मी चावलं नाही. दोन बोटं घालून तिला काढायला गेलो. दोन बोटं जाईनात, मग एक घातलं. एका बोटानं ती गोल सुपारी धरता येईना, नुसती फिरत होती. आत जाताना ती सहज गेली होती. तेवढ्यात दारातल्या काड्या एकेक करून मोडल्याचा आवाज आला.

"अण्णा, हात बाहेर काढा," उपाध्ये म्हणाले.

मी पंजा फटीत घातला. बोटांच्या पेरांपाशीच अडकला. जोर लावला, कातडं सोलवटलं. बाहेर पाण्याची झारी धरून कुणीतरी थांबलं होतं, पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"भाऊजी, अहो मुहूर्त टळेल," कुंदा म्हणाली. "सुपारी आहे ना कमरेला? बोला की!"

मला बोलता येत नव्हतं. बोललो असतो तर शालनवर दात पडले असते. बाहेर कुजबुज सुरू झाली. निरंजनची आई म्हणाली, "काका-काकूंना बसवा आता." खुर्च्या सरकल्या. मग वैजूचा आवाज आला, अगदी फटीजवळून.

"कुणी उठायचं नाही," ती म्हणाली. "अण्णा, सुपारी तोंडात आहे का?"

मी मान हलवली. तिला दिसलं असावं. रागावेल असं वाटलं होतं, पण शाळेतल्या पोरांशी बोलते तशी ती बोलली. "घाबरू नका. मी काढते. तुम्ही फक्त आ करा."

तिचं बोट फटीतून आत आलं. एकच मावलं. बांगड्या बाहेर चौकटीवर वाजल्या आणि तिथेच थांबल्या. बोटाला हळद होती. ते आतल्या बाजूनं पांढऱ्या चौकटीला लागलं आणि माझ्या जिभेवर हळदीची कडवट चव आली. मी दारापासून दोन पावलं मागे उभा होतो.

"आ करा, अण्णा. अजून."

मी केला. होता नव्हता तेवढा केला. कानापाशी काहीतरी तटतटलं. वैजूचं बोट भिंतीवरून सरकलं, आणि माझ्या गालाच्या आतून फिरलं. सावकाश, दोऱ्यांवरून, दाढांच्या मागे. उजव्या गालात शालन अगदी गप्प होती. चौकट दोन्ही बाजूंनी वैजूच्या बोटाला टेकली, पण तिनं ते मागे घेतलं नाही. आणखी आत घातलं आणि एका जागी थांबली.

"सापडली," ती म्हणाली. मग जरा वेळानं, हळू आवाजात, "अण्णा, पण ही हलत नाहीये. ही गालालाच चिकटलीय."

तिचं बोट डाव्या गालात होतं.